बाबांच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत

ऑगस्ट २०२३ मध्ये बाबा दहा दिवस हॉस्पिटलात होते. सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा जुनाट आजार, आहे हे आधीपासून माहीत होतं, पण त्या पावसाळ्यात छातीत इन्फेक्शन झालं आणि ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी औषधं, पंप, वाफ सगळं समजावून सांगितलं आणि मग विचारलं, घरात कुठे ओल आहे का? आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. उत्तर दोघींना माहीत होतं.

आईबाबांचा फ्लॅट डोंबिवलीत आहे, १९९८ची बिल्डिंग, तिसरा मजला. बाबांची खोली पश्चिमेला, म्हणजे पावसाचा मारा थेट त्या भिंतीवर. दर वर्षी पोपडे यायचे, दर वर्षी दिवाळीला खरवडून रंग. २०१६ला एका कॉन्ट्रॅक्टरने यावर उपाय म्हणून त्या भिंतीवर प्लायचं पॅनेलिंग करून वर लॅमिनेट मारून दिलं. दिसायला एकदम छान, आम्ही पण खूश की चला कटकट गेली. सात वर्षं बाबा त्या पॅनेलला डोकं टेकून झोपले.

हॉस्पिटलमधून बाबांना घरी न आणता थेट बदलापूरला ताईकडे नेलं आणि दुसऱ्या दिवशी मी आणि धाकट्या भावाने मास्क लावून एक पॅनेल उघडलं. समोरून लॅमिनेट ठणठणीत कोरडं. मागची बाजू चहात बुडवलेल्या खारीसारखी, बोट लावलं की आत जात होतं. आणि भिंतीवर काळी-हिरवी बुरशी, मखमलीसारखी, जमिनीपासून साधारण माझ्या खांद्यापर्यंत. ओल्या गोणपाटाचा वास. भाऊ काहीच बोलला नाही, तसाच बाहेर जाऊन बाल्कनीत उभा राहिला. मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही, कारण ते पॅनेलिंग मीच पसंत केलं होतं.

मग ठरवलं की बाबा परत यायच्या आधी घर नीट करायचं, आणि नीट म्हणजे त्यांच्या छातीला चालेल असं. दुसऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. त्याचं कोटेशन ५ लाख २० हजार: फॉल्स सीलिंग, जुन्या मोझॅकवर व्हिट्रिफाइड टाइल्स, नवीन वॉर्डरोब, मॉड्युलर किचन आणि त्या भिंतीवर यावेळी पीव्हीसी पॅनेल. "पीव्हीसीला ओल लागत नाही मॅडम." बरोबर आहे, पीव्हीसीला नाही लागत, पण मागच्या भिंतीला लागतेच ना, आणि ती आत कोंडून राहते. २०१६लाही असंच कोंडलं होतं, फक्त प्लायमागे. त्याला नाही म्हटलं आणि आम्ही स्वतः एकेक काम करून घ्यायचं ठरवलं. माझ्या ऑफिसच्या सगळ्या सुट्ट्या यात गेल्या, पण दुसरा मार्ग नव्हता.

पहिली शिकलेली गोष्ट म्हणजे ओल येते कुठून ते शोधल्याशिवाय आत एक रुपया घालायचा नाही. एक सोपी टेस्ट आहे, कोणीही घरी करू शकतं. एक फूट बाय एक फूट पारदर्शक प्लास्टिक घ्यायचं, भिंतीला चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवायचं आणि दोन दिवस ठेवायचं. प्लास्टिकच्या मागे, म्हणजे भिंतीच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूला दमटपणा साठला तर प्रॉब्लेम भिंतीचा नाही, खोलीतल्या हवेचा आहे, हवा खेळत नाही. आमच्याकडे भिंतीच्या बाजूला दुसऱ्या दिवशीच थेंब ओघळत होते.

म्हणजे बाहेरून पाणी. बाहेरची भिंत सोसायटीची, त्यामुळे अर्ज, मीटिंग, पुन्हा मीटिंग, यात तीन आठवडे गेले. मग दोरीवर लटकून काम करणारे आले आणि त्यांनी बाहेरून फोटो काढून दाखवला: बीम आणि वीटकाम जिथे मिळतं त्या जोडावर आडवी चीर, अख्ख्या भिंतीच्या लांबीची. खिडकीच्या खालीही एक. त्या दोन्ही खोदून भरल्या आणि बाहेरून कोट मारला. आतून आम्ही प्लास्टर विटांपर्यंत काढून टाकलं आणि भिंत तशीच उघडी ठेवून पंखा लावून दिला. सगळ्यांना वाटत होतं आता लगेच प्लास्टर करा, पण भिंतीला सुकायला वेळ लागतो, आम्ही दर शनिवारी ते प्लास्टिक चिकटवून बघायचो आणि सहाव्या आठवड्यात ते कोरडं निघालं.

आता चुना. ही कल्पना बाबांची. ते मूळचे रत्नागिरीकडचे, चिऱ्याचं घर, दर वर्षी पावसाळा सरला की भिंतींना चुना लावायचे. ताईकडे बसून फोनवर म्हणाले, "भिंतीला श्वास घेऊ देत, सिमेंट आणि प्लास्टिक पेंट मारून तिचं तोंड बंद करू नका." मी वाचून बघितलं तर त्यात तथ्य आहे. चुन्याच्या प्लास्टरमधून वाफ आरपार जाते, भिंतीत थोडीफार ओल शिरली तरी ती बाहेर पडून सुकते, जाड अ‍ॅक्रिलिक पेंटमागे अडकून पोपडे येत नाहीत. दुसरं म्हणजे चुना प्रचंड अल्कलाइन असतो, ताज्या चुन्याचा पीएच १२च्या वर, त्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही. आणि त्यात व्हीओसी, म्हणजे रंगातून हवेत उडणारी रसायनं, नाहीत, त्यामुळे नव्या रंगाचा जो वास डोक्यात जातो ती भानगडच नाही. पण चुना म्हणजे वॉटरप्रूफिंग नाही हे पण लक्षात घ्या, बाहेरची चीर भरल्याशिवाय चुना लावला असता तर तोही गेला असता.

भिंत सुकत होती त्याच सहा आठवड्यांत आम्ही चुना भिजवला. कळीचा चुना आणला, गोटे असतात पांढरे. लोखंडी पिंप घ्यायचं, प्लास्टिकचं नको, कारण हे प्रकरण भयंकर तापतं. आधी पाणी आणि मग त्यात थोडा थोडा चुना, उलटं कधीच नाही, म्हणजे चुन्यावर पाणी ओतायचं नाही, ते अंगावर उडतं. डोळ्यांना गॉगल आणि हातात रबरी ग्लोव्ह्ज. भावाने पहिला गोटा टाकला तेव्हा क्षणभर काही झालं नाही, मग तो तडकला, फुगला आणि पाणी अक्षरशः उकळायला लागलं, रटरट रटरट, डाळ उकळते तसं. शाळेत कळीचा चुना आणि विरी गेलेला चुना पाठ केलं होतं, गच्चीवर उभं राहून ते पहिल्यांदा बघितलं. थंड झाल्यावर वर चार बोटं पाणी ठेवून झाकून टाकला. जितका जास्त दिवस मुरेल तितका लोण्यासारखा मऊ होतो. बाजारात गोणीत तयार पावडर मिळते पण तिची धूळ छातीला आणि डोळ्यांना फार वाईट, आमच्या घरात तरी ती नको होती.

खरी पंचाईत मिस्त्री शोधायची झाली. सिमेंटचे मिस्त्री ढिगाने मिळतात, प्रत्येक जण म्हणायचा थोडं सिमेंट टाकू, पकड येईल. शेवटी कल्याणचे एक काका मिळाले, जुन्या देवळांच्या डागडुजीची कामं केलेले, सत्तरीच्या जवळ आलेले. त्यांनी पिंपात हात घालून चुना दोन बोटांत चोळून बघितला आणि म्हणाले चालेल. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली चाळलेली वाळू. भिंतीवर आधी पाणी, भरपूर पाणी, विटा प्यायच्या थांबेपर्यंत. मग दोन पातळ थर, मध्ये काही दिवस जाऊ देऊन. आणि नंतर रोज पाण्याचा फवारा, कारण चुना घाईने सुकला तर भेगा पडतात. सिमेंट पाण्याने घट्ट होतं, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू परत चुनखडीचा दगड होतो, त्याला त्याचा वेळ द्यावाच लागतो.

रंगकाम मात्र एकदा फसलं. नेहमीच्या पेंटरने चुन्याचा पहिला हात ऑइल पेंट लावतो तसा जाडजूड मारला, कोरड्या भिंतीवर. दोन दिवसांत हात फिरवला की पांढरी पावडर, आणि दाराजवळ तर पापुद्रे सुटले. सगळं ब्रशने झाडून काढलं आणि काकांना फोन केला. त्यांनी सांगितलं ते असं: चुना जुन्या सुती कपड्यातून गाळून दुधाइतका पातळ करायचा, भिंत ओली करायची, कुंचल्याने उभा-आडवा हात मारायचा आणि एका दिवसात एकच हात. बादलीला अर्धा लिटर साय काढलेलं दूध, दुधातलं केसिन चुन्याला धरून ठेवतं. लावताना काहीही दिसत नाही, नुसतं पाणी फासल्यासारखं वाटतं, विटकरी डाग तसाच दिसतो आणि मनात येतं फुकट चाललंय सगळं. संध्याकाळी येऊन बघा, पांढरं झालेलं असतं. असे पाच हात दिले. शेवटच्या हातात आईने चिमूटभर नीळ टाकली. त्या भिंतीला जो एक मऊ पांढरेपणा आलाय तो कुठल्याही डब्यातल्या रंगाला नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

आता लाकडाचं. यात मला सगळ्यात जास्त धक्का बसला. आपण रंगाच्या वासाबद्दल बोलतो पण फर्निचरच्या गोंदाबद्दल कोणी बोलत नाही. एमडीएफ, पार्टिकल बोर्ड आणि स्वस्तातलं कमर्शियल प्लाय यात युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड हा वायू सुटत राहतो, महिनोनमहिने. गरमी आणि दमटपणा वाढला की जास्त सुटतो, म्हणजे आपल्याकडचा मे-जून बघा. नवीन कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरतात ते हेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या आयएआरसी या संस्थेने २००४ साली याला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये घरातल्या हवेसाठी मर्यादा दिली ती एका घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम, अर्ध्या तासाच्या सरासरीसाठी. इतक्या कमी प्रमाणाची काळजी करावी लागते अशी ती वस्तू आहे.

म्हणून पहिला नियम केला की नवीन फर्निचर शक्य तितकं करायचंच नाही. वॉर्डरोब रद्द. आईच्या लग्नातलं गोदरेजचं लोखंडी कपाट होतं, ते विकायला निघालो होतो, तेच साफ करून ठेवलं. लोखंडातून काही सुटत नाही. किचनमध्ये ट्रॉल्यांच्या जागी कडप्प्याचे उभे-आडवे कप्पे केले, जसे पूर्वी सगळीकडे असायचे, दगड आहे, वाळवी नाही, फुगणं नाही, वास नाही. आई म्हणाली मला हेच हवं होतं पण तुम्हाला मॉडर्न हवं असेल म्हणून बोलले नाही. फक्त सिंकखालच्या दारांना आणि बाबांच्या पलंगाच्या फळीला प्लाय लागलं, ते आयएस ७१० शिक्का, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, बघून घेतलं. त्यात फिनॉलचा गोंद असतो, तो बराच पक्का बांधला गेलेला असतो त्यामुळे वायू खूप कमी सुटतो. सगळ्या कडा सील करायला लावल्या, मागची बाजू पण. मिस्त्री म्हणतात मागे कोण बघतंय, पण वायू सुटायला उघडी कड पुरते.

पलंगाची चौकट आणि खिडकीजवळचा बाक जुन्या सागवानाचा केला. पाडलेल्या चाळींची दारं-खिडक्या, तुळया विकणारे असतात, कल्याणच्या बाजूला एकाकडे मिळालं. दोन गोष्टी जरूर सांगते. एक, त्यात खिळे लपलेले असतात, आमच्या सुताराचं एक पातं गेलं, त्यामुळे आधी लोहचुंबक फिरवून घ्या. दुसरी जास्त महत्त्वाची. जुन्या दारांवर ऑइल पेंटचे थरावर थर असतात आणि जुन्या पेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते. आपल्याकडे घरगुती रंगांमध्ये ९० पीपीएमची मर्यादा लागू झालीच मुळी नोव्हेंबर २०१७ पासून. तो रंग कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर होते, लहान मुलं असतील तर फारच वाईट. आम्ही लाकूड घरात आणायच्या आधी बाहेरच ओलं करून खरवडून घेतलं, खरवडलेलं सगळं पिशवीत बांधून टाकलं आणि सुताराला चांगला मास्क दिला.

पॉलिशच्या ऐवजी जवसाचं तेल लावलं. कच्चं तेल सुकायला खूप दिवस घेतं, म्हणून पातळ हात, अर्ध्या तासाने जादाचं पुसून टाकायचं, मग तीन-चार दिवस थांबायचं, असे चार हात दिले. वास येतो पण तो तेलाचा, खाण्याचा वाटेल असा. इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. तेल पुसलेल्या चिंध्या मी एका बादलीत गोळा करून बाल्कनीत ठेवल्या होत्या. दुपारी उचलायला गेले तर बादली हाताला गरम लागली. ऊन नव्हतं तिथे. जवसाचं तेल हवेशी संयोग होऊन सुकतं आणि त्यात उष्णता निघते, चिंध्यांचा बोळा असेल तर ती आत साठते आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ताबडतोब पाण्यात बुडवल्या. चिंध्या एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात टाका, पण बोळा करून ठेवू नका.

फरशी होती तीच ठेवली. मोझॅक आहे, पंचवीस वर्षं झाली तरी एक तुकडा हललेला नाही, पाणी घालत मशीनने पॉलिश करून घेतलं, नवीन झालं. फॉल्स सीलिंग नाही केलं, तेवढीच खोली उंच राहिली आणि धूळ साठायला पोकळी नाही. पडदे पातळ सुती, आठवड्याला धुता येतील असे. गादी कापसाची, पण पिंजून घेतली ती बाहेर, घरात अजिबात नाही, त्या धुळीत बाबा बसू शकले नसते.

झाडांबद्दल खूप जणांनी सुचवलं, स्नेक प्लांट ठेवा, मनी प्लांट ठेवा, हवा शुद्ध होते. तो १९८९चा नासाचा अभ्यास सगळे सांगतात, पण तो बंद चेंबरमध्ये केलेला होता. २०१९ला असे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा निघालं की नुसत्या खिडक्या-दारांतून होणाऱ्या हवेच्या बदलाची बरोबरी करायला एका चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. आईची तुळस आणि दोन कुंड्या बाल्कनीत आहेत, मन प्रसन्न होतं, तेवढं पुष्कळ आहे. हवेचं काम खिडकीनेच करायला हवं.

आणि खिडकीच आमची चुकलेली होती. स्लायडिंग खिडकी कितीही मोठी असली तरी एका वेळी अर्धीच उघडते. वरचा जुना व्हेंटिलेटर एसी बसवताना पत्र्याने बंद केलेला. तो उघडून जाळी बसवली, खिडकीला आत उघडणारी दारं केली कारण बाहेर ग्रिल आहे. मी एक छोटं कार्बन डायऑक्साइड मोजायचं मशीन घेतलं. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम असतो. बाबांच्या खोलीत दोघं झोपले असताना सगळं बंद करून पहाटे आकडा १९०० दाखवत होता, व्हेंटिलेटर उघडा ठेवल्यावर ८५०च्या आसपास. तेवढ्या एका झडपेने इतका फरक पडला. आता डोंबिवलीत काही रात्री बाहेरूनच केमिकलचा वास येतो, तेव्हा खिडकी लावून घ्यावीच लागते, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. किचनच्या चिमणीला बाहेर जाणारा पाइप घातला, आधीची नुसती गाळून हवा परत घरातच सोडायची, मिरचीची फोडणी दिली की बाबांना ढास लागायची.

खर्च एकूण ३ लाख ४० हजार झाला. चुना, वाळू, दूध हे नगण्य, मजुरी जास्त. वेळ मात्र चार महिने लागला, ऑक्टोबर ते जानेवारी, आणि त्या चार महिन्यांत ताईने आणि भाओजींनी बाबांना सांभाळलं म्हणून हे जमलं. घरात माणसं राहत असताना हे काम करू नका, निदान दम्याचं कोणी असेल तर नाहीच.

बाबा २८ जानेवारीला घरी आले. दारात थांबून त्यांनी वास घेतला, मला वाटलं तेलाचा वास आवडला नाही की काय, तर म्हणाले, "गावच्या घराचा वास येतोय." मग त्या भिंतीला तळहात लावून थोडा वेळ उभे राहिले. त्यांचा आजार बरा झाला असं मी अजिबात म्हणणार नाही, ते दुखणं तसं नसतं, पंप चालू आहेत, ऑगस्टमध्ये तपासणी पण आहे. पण पहाटेचा खोकला कमी आहे असं आई सांगते आणि आई त्या बाबतीत कधी वाढवून सांगत नाही.

हे लिहितेय तेव्हा २०२४चा जुलै चालू आहे, गेला आठवडाभर पश्चिमेकडून झोडपतोय. काल प्लास्टिक परत चिकटवून बघितलं. भिंतीचा मधला भाग कोरडा. खाली खिडकीच्या कोपऱ्यात मात्र तळहाताएवढा ओलसर डाग आलाय, बाहेरची खिडकीखालची चीर तिथे नीट भरली गेलेली दिसत नाही. सोसायटीला पत्र दिलंय, पाऊस उघडला की दोरीवाल्यांना परत बोलवायचं आहे. गच्चीवर पिंपात अर्धा चुना शिल्लक आहे, वरचं पाणी आटू नये म्हणून भाऊ दर रविवारी जाऊन बघून येतो.